वॉर्सातली संग्रहालयांची रात्र : सहा तासांत काय पाहावं, काय सोडावं?

पाऊलवाट

१८ मे, म्हणजे जागतिक संग्रहालय दिन, त्याच्या आसपासच्या शनिवारी वॉर्सात 'नोत्स मुझेऊफ' असते. संध्याकाळी सहा-सातपासून रात्री एकपर्यंत संग्रहालयं, कलादालनं, काही सरकारी इमारती सगळं उघडं आणि जवळजवळ सगळं मोफत. यादी दोनशेच्या पुढे जाते, ती वाचूनच डोकं गरगरलं.

आम्ही चौघं : दोघं नवरा-बायको, ११ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. त्यांचे गुडघे जेमतेम आहेत, उत्साह मात्र आमच्यापेक्षा जास्त. कच्चं वेळापत्रक असं :

७.०० राजवाडा
८.१५ राष्ट्रीय संग्रहालय
९.३० उठाव संग्रहालय (जर्मनांविरुद्धचा १९४४चा उठाव)
११.०० पोलिन (पोलंडमधल्या ज्यूंच्या इतिहासाचं संग्रहालय)
१२.०० कोपर्निकस विज्ञान केंद्र

जमेल का? जाणकारांनी सांगावं. पोलिश येत नाही, 'धन्यवाद'पुरती येते.

आळशी_अस्वल

वेळापत्रक सुरेख आहे. फ्रेम करून घ्या, तेही एखाद्या दालनात लावता येईल.

विस्तुलाकाठी

ताई, नाही जमणार. पाचातली दोन झाली तरी खूप. तुम्ही आतला वेळ धरलात, रांगेचा धरलाच नाही. त्या रात्री मोठ्या ठिकाणी दीड-दोन तासांची रांग कुणाला नवल वाटत नाही. लोक पुस्तकं आणि थर्मास घेऊनच उभे असतात.

मुख्य मुद्दा वेगळाच आहे. पोलंडच्या संग्रहालय कायद्यात आठवड्यातला एक दिवस कायमस्वरूपी दालनं मोफत ठेवायची तरतूद आहे, तो दिवस संचालक ठरवतात. राष्ट्रीय संग्रहालयाचा मंगळवार, राजवाड्याचा बुधवार, पोलिनचा गुरुवार. (वार अधूनमधून बदलतात, निघण्याआधी संकेतस्थळ बघा.) म्हणजे तुमच्या यादीतली तीन ठिकाणं वर्षातून पन्नासेक वेळा फुकट बघता येतात, तीही रांगेशिवाय. ज्यांची दारं एरवी बंद असतात त्यांच्यासाठी ही रात्र ठेवावी : सरकारी कचेऱ्या, पाणीपुरवठ्याची जुनी यंत्रणा, ट्रामचे डेपो, कलाकारांचे स्टुडिओ, संस्थांची अभिलेखागारं.

कोपऱ्यावरचा_पुणेकर

फुकट ते पौष्टिक, पण रांगेत उभं राहून खाल्लं तर पचत नाही.

शंकासुर

विस्तुलाकाठी, अर्धंच पटलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार हे दिवस वॉर्सात राहणाऱ्याच्या किंवा पेन्शनरच्या सोयीचे. क्राकुफ किंवा व्रोत्सवाफमध्ये नोकरी करणारा माणूस बुधवारी राजवाडा बघायला रजा टाकणार? त्याच्या हाती शनिवारच येतो. शिवाय त्या रात्री नुसती दालनं उघडी नसतात. अंगणात वादन असतं, अभ्यासक स्वतः माहिती द्यायला उभे असतात, एरवी न दाखवलेल्या वस्तू बाहेर येतात. तीच खोली, पण प्रसंग वेगळा.

विस्तुलाकाठी

शंकासुर, कबूल. म्हणून तर 'दोन' म्हटलं, 'शून्य' नाही. एक मोठं ठिकाण घ्यावं, तेही दार उघडण्याआधी रांगेला लागून. दुसरं, एरवी बंद असणारं. मधला वेळ रस्त्यावर. शहर त्या रात्री जागंच असतं.

दालनसेवक

संग्रहालयाच्या कामातला आहे, म्हणून रांगेबद्दल जरा सविस्तर लिहितो. रांगा दोन जातीच्या असतात, आणि कुठलीला लागलोय हे पहिल्या पाच मिनिटांत ओळखायचं.

पहिली वाहती रांग. दारातल्या माणसाच्या हातात मोजणीचं यंत्र असतं. आग लागली तर किती माणसं किती वेळात बाहेर काढता येतील यावरून इमारतीची मर्यादा ठरते. ती गाठली की जेवढे बाहेर, तेवढेच आत. ही रांग लांब दिसते पण सरकते. राष्ट्रीय संग्रहालय, उठाव संग्रहालय या जातीचं.

दुसरी गटाची रांग. वाटाड्याबरोबर ठरावीक माणसं, ठरावीक वेळाने. सरकारी इमारती, तळघरं, यंत्रशाळा या जातीच्या. इथे डोळ्यांनी अंदाज करू नका, गणित करा. समजा २० जणांचा गट दर १५ मिनिटांनी सुटतो, म्हणजे तासाला ८०. तुमच्या पुढे २४० माणसं असतील तर तीन तास. रांग दिसायला शंभर मीटरसुद्धा नसते, म्हणून माणूस फसतो. थेट दारापर्यंत जाऊन विचारा : गट कितीचा, किती वेळाने सुटतो, शेवटचा कधी. मग परत येऊन डोकी मोजा. तोवर घरातलं एक माणूस जागा धरून.

आणखी एक घोळ. कार्यक्रमात 'एकपर्यंत' लिहिलेलं असतं ते बंद होण्याची वेळ. 'ओस्तात्न्ये वेइश्चे', म्हणजे शेवटचा प्रवेश, त्याच्या अर्धा तास किंवा तासभर आधी असतो. गटाच्या ठिकाणी तर रांगच त्याहून आधी तोडतात. एक स्वयंसेवक शेवटच्या माणसामागे उभा राहतो आणि नव्यांना नम्रपणे परत पाठवतो. त्याच्याशी वाद घालून काही होत नाही, गणित त्यानेही केलेलं असतं.

आळशी_अस्वल

रांगेत त्रैराशिक. शाळेतल्या मास्तरांना कळवायला हवं.

पाऊलवाट

दालनसेवक, हे सोनं आहे. वाचनखूण साठवली. पण 'वेइश्चूफ्की' असा शब्द काही ठिकाणांपुढे दिसतोय, तो काय?

दालनसेवक

वेइश्चूफ्का म्हणजे मोफत प्रवेशचिठ्ठी. पैसे नाहीत, पण चिठ्ठी हवी. काही ठिकाणी ती आधी ऑनलाइन नोंदवायची, काही ठिकाणी त्याच दिवशी खिडकीवर मिळते. शेजारी 'झापिसी' असेल तर आधी नोंदणी. 'बेझ्प्वात्नी' म्हणजे मोफत. कुठेकुठे एक झ्लॉटीचं नाममात्र तिकीट असतं, ते वेगळं. कार्यक्रम पालिकेच्या संकेतस्थळावर येतो. आल्या दिवशीच नोंदणीवाली ठिकाणं आधी चाळा, बाकीची नंतर वाचली तरी चालतात.

काकडीबस

वाहतुकीवर कुणीच बोललं नाही, म्हणून मी.

ट्राम मध्यरात्रीच्या सुमारास झोपतात, रात्रीच्या ट्राम नसतात. मेट्रो शुक्रवारी-शनिवारी पहाटे तीनच्या आसपासपर्यंत चालते. दोनच मार्ग, अदलाबदल श्वेंतोक्षिस्का स्थानकात. रात्रीच्या बसचा क्रमांक 'एन'ने सुरू होतो आणि सगळ्यांचं माहेर मध्यवर्ती रेल्वे स्टेशन. तिथून बस दर तासाला १५ आणि ४५ मिनिटांनी एकत्र सुटतात, म्हणजे एकीतून उतरून दुसरीत चढता येतं. हे दोन आकडे पाठ करा, ॲप बंद पडलं तरी घरी पोचाल. रात्री बरेच थांबे 'ना झोंदान्ये' असतात, म्हणजे मागणीवर. उतरायचं असेल तर बटण दाबायचं, चढायचं असेल तर हात दाखवायचा. नुसतं उभं राहिलात तर चालक टाटा करून जातो.

आता माझा जिव्हाळ्याचा विषय. त्या रात्री जुन्या बस आणि ट्राम फुकट धावतात. लोकांनी जिला 'ओगुरेक' म्हणजे काकडी असं नाव दिलं ती येल्च ०४३, चेक श्कोडाच्या परवान्यावर बनलेली, गोल नाकाची. शिवाय हंगेरीची जोडबस इकारुस २८०, मधे भात्यासारखा पडदा. कडेची सीट घेऊन वळणावर तो भाता आकसताना बघा, अकरा वर्षांच्या पोराला यापुढे लिओनार्दो फिका पडेल. पण ही प्रवासाची सोय समजू नका. गाड्या भरून येतात, वेळ पाळत नाहीत. तो एक फिरता नमुना आहे, तसाच बघावा.

कोपऱ्यावरचा_पुणेकर

भरून येते, वेळ पाळत नाही, वळणावर भाता आकसतो. याला पीएमपीएमएल म्हणतात. आमच्याकडे हे संग्रहालय वर्षभर सुरू असतं.

खादाड_खंडू

लिओनार्दोचं नाव निघालंच आहे तर, ती हातात मुंगसासारखा प्राणी धरलेली बाई राजवाड्यातच ना?

विस्तुलाकाठी

नाही हो. ती क्राकुफला, चार्तोरिस्की संग्रहालयात. आणि प्राणी मुंगूस नव्हे, अर्मिन, थंड मुलखातला एक छोटा प्राणी. वॉर्साच्या राजवाड्यात रेम्ब्रांची दोन चित्रं आहेत, दोन्ही १६४१ची : चौकटीतली मुलगी आणि लिहिण्याच्या मेजाशी बसलेला विद्वान. लान्त्सकोरोन्स्की घराण्याच्या संग्रहातली, १९९४ साली कारोलिना लान्त्सकोरोन्स्का यांनी दान दिलेली. मुलीचा हात रंगवलेल्या चौकटीवर टेकलाय, जणू आत्ता बाहेर येईल. सरळ समोरून नको, जरा डावी-उजवीकडे सरकून बघा.

राजवाडाच घेणार असाल तर कानालेत्तोची खोली चुकवू नका. बेर्नार्दो बेलोत्तोने (पोलंडमध्ये त्यालाच कानालेत्तो म्हणतात) रंगवलेली वॉर्साची २२ दृश्यं. जर्मनांनी १९४४ मध्ये राजवाडा सुरुंग लावून उडवला, जुनं शहर जवळजवळ भुईसपाट झालं. ते परत उभारताना ही चित्रं नकाशासारखी वापरली. खिडकीबाहेर जे दिसतं ते बऱ्याच अंशी या चित्रांवरून उभं राहिलंय. राजवाड्याच्या पुनर्बांधणीचा निर्णय १९७१चा, दालनं खुली झाली १९८४ला. बाहेर मनोऱ्यावरचं घड्याळ १७ सप्टेंबर १९३९ला सव्वाअकराला बॉम्बहल्ल्यात थांबलं. १९७४ मध्ये ते चालू केलं तेही सव्वाअकरालाच.

शंकासुर

म्हणजे वॉर्साचा वारसा म्हणजे वारशाची झेरॉक्स?

विस्तुलाकाठी

झेरॉक्स म्हणा, पण १९८० पासून युनेस्कोच्या यादीत आहे. तिथे पुनर्बांधणीचाच मान झाला.

थंडगार

कपड्यांबद्दल. मे म्हणजे उन्हाळा हे डोक्यातून काढा. पोलंडमध्ये १२, १३, १४ मे हे तीन 'थंड माळी' : पान्क्रात्सी, सेर्वात्सी, बोनिफात्सी. त्यांच्या पाठोपाठ १५ला 'थंड झोश्का'. या दिवसांत थंडीची लाट येते आणि रोपं करपतात असा शेतकऱ्यांचा समज. लाट कधी आधी येते, कधी नंतर, पण ही रात्र त्याच दिवसांच्या आसपास पडते. सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, त्यानंतर पारा झरझर उतरतो. रांगेत उभं असताना अंगात ऊब तयार होत नाही. सासूबाईंना पातळ थर्मल, मोजे, टोपी, आणि घडीचं स्टूल. स्टुलाला पर्याय नाही.

दालनसेवक

थंडगार, बरोबर. फक्त एक पुस्ती. जाड कोट आणि पाठीवरच्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत. 'शात्न्या'त, म्हणजे कोट ठेवायच्या खोलीत जमा कराव्या लागतात. लोकांना वाटतं नुसता नियमाचा अट्टहास. कारण असं : दालनातली हवा साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेवर स्थिर ठेवायची असते. हजारो माणसांचा श्वास त्यात भर घालतोच, वर भिजलेले कोट आणि छत्र्या आल्या की आकडा चढतो. लाकडी फळीवर रंगवलेलं चित्र अशा वेळी फुगतं, मग आकसतं, रंगाचा पापुद्रा सुटतो. पाठीवरच्या पिशवीचा धोका आणखी साधा : माणूस वळतो, पिशवी चित्राला लागते, त्याला पत्ताही नसतो.

परिणाम काय? बाहेर पडताना शात्न्यापुढे आणखी एक रांग. म्हणून कोट आतला वेळ संपायच्या दहा मिनिटं आधीच घ्यावा. थरांचे कपडे घालून आलात आणि वरचा थर कमरेला बांधता आला तर ही रांग अख्खी वाचते. कुलूपपेट्या असल्या तर नाणं लागतं. कार्डावर जगणाऱ्या देशात नेमकं तेव्हाच नाणं नसतं.

काही खोल्यांत अंधुक वाटेल, तो रात्रीचा माहोल नव्हे. कागद आणि कापडावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पाडत नाहीत. डोळ्यांना दोन मिनिटं द्या. मोबाइलची बत्ती लावू नका, कृपा करून.

पाऊलवाट

जेवणाचं काय? सासूबाई शाकाहारी, अंडंही नाही.

खादाड_खंडू

आला एकदाचा माझा प्रांत.

बसून जेवायला त्या रात्री जागा शोधू नका. झापियेकांका घ्या : लांब पाव अर्धा चिरून वर मश्रूम आणि चीज, भट्टीत भाजलेला. साधा प्रकार शाकाहारी, वर केचपची लांबलचक रेघ. पियेरोगी घ्यायचे तर 'रुस्किए', आत बटाटा आणि पनीरसारखं त्वारुग. पण वर तळलेल्या चरबीचे तुकडे घालतात, म्हणून मागतानाच 'बेझ स्क्वारेक' म्हणायचं. सूप 'भाजीचं' म्हटलं तरी त्याचं पाणी बहुधा मांसाचं असतं, सासूबाईंसाठी सूप टाळा. पिठात अंडं असू शकतं, तेव्हा त्यांच्यापुरत्या घरच्या दशम्या आणि चटणी हेच खरं. दालनात खाता येणार नाही, रांगेत खुशाल.

बेडकाच्या नावाचं दुकान, झाब्का, कोपऱ्याकोपऱ्यावर. बहुतेक रात्री ११ला बंद. दुसऱ्या दिवशी रविवार, आणि बहुतेक रविवारी मोठी दुकानं कायद्याने बंद असतात. दूध-पाव शनिवारीच घेऊन ठेवा, नाहीतर रात्रीची संस्कृती सकाळच्या चहाला नडेल.

नळदुरुस्ती

एरवी बंद असणाऱ्यांत माझं मत लिंडली फिल्टरना, कोशिकोवा रस्त्यावर. विल्यम लिंडली आणि त्यांच्या मुलाने आखलेली पाणीपुरवठा यंत्रणा, १८८६ पासून सुरू, आणि ती नुसती जपून ठेवलेली नाही, शहराला अजून पाणी देते. त्यामुळे वर्षभर फाटक बंद, मोजक्या दिवशी प्रवेश. त्या रात्रीच्या यादीत असले तर बाकी सगळं सोडा.

आत काय बघायचं ते आधी माहीत असलं तर मजा येते. हे 'संथ वाळू गाळण'. विटांच्या कमानींचं छत, खाली दगडी खांबांच्या रांगा, आणि त्याखाली कुंड. कुंडाच्या तळाशी खडी, तिच्यावर वाळू. पाणी वरून सोडतात आणि स्वतःच्या वजनाने सावकाश उतरू देतात. खरं काम वाळू करत नाही. वाळूच्या वरच्या पातळ थरात सूक्ष्मजीवांची साय धरते, ती साय गाळते आणि जंतू खाते. कालांतराने साय इतकी दाट होते की पाणी उतरेनासं होतं. मग कुंड रिकामं करून वरची वाळू खरवडून काढतात. घाई केली, पाण्याचा वेग वाढवला, की साय फाटते आणि गढूळ पाणी खाली जातं. म्हणून एवढी मोठी जागा लागते : वेग नाही, तर क्षेत्रफळ.

आत गारठा आणि ओल असते. फरशी निसरडी, पायऱ्या असतात. आजींना न्यायचं की नाही ते बघा.

पंचगंगा

कोल्हापूरकर म्हणून एक सांगावंसं वाटतं. पोलिनपासून दहा मिनिटांवर, आंदेर्स रस्त्यावर, क्रासिन्स्की बागेला लागून इटलीतल्या मोन्ते कासिनोच्या लढाईचं स्मारक आहे. त्याच्याजवळ वळिवडे-कोल्हापूर छावणीचा स्मृतिफलक आहे, नोव्हेंबर २०१७ मध्ये बसवलेला. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत मुलखातून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, मुख्यतः बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ वळिवड्याला राहिले. शाळा, चर्च, सगळं तिथे होतं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातही त्यांची आठवण म्हणून स्मारक आहे.

रांग नाही, तिकीट नाही, शात्न्या नाही. चोवीस तास उघडं. फक्त रात्री अक्षरं दिसायला बत्ती लागेल, आणि इथे मोबाइलची बत्ती लावली तर दालनसेवक रागावणार नाहीत.

दालनसेवक

दगडाला ५० लक्सची अट नाही. खुशाल लावा.

खादाड_खंडू

पोलंडचा झेंडा बघितलात का? वर पांढरा, खाली तांबडा. पाच वर्षं कोल्हापुरात राहिल्यावर आणखी काय होणार!

पंचगंगा

खंडू, झेंडा आधीचा आहे हो. पण रश्श्याचा क्रम बरोबर लागलाय. गंमत म्हणून घेतलं.

शंकासुर

थोडं अवांतर. आपल्याकडे अशी रात्र का नाही? १८ मे तर आपल्याकडेही साजरा होतो.

दालनसेवक

थोडंफार आहे. मुंबईत काळा घोडा आणि कुलाब्याच्या खाजगी गॅलऱ्या ठरावीक गुरुवारी उशिरापर्यंत उघड्या ठेवतात, प्रवेश मोफत. काळा घोडा महोत्सव १९९९ पासून, जानेवारी-फेब्रुवारीत. पण सरकारी किंवा विश्वस्त संस्थेचं जुनं संग्रहालय रात्री उघडणं निराळं. दिवसाला एक पाळी असेल तर रात्रीसाठी दुसरी पूर्ण पाळी लागते : दर दालनात माणूस, दारात मोजणी, अंगणात उजेड, बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या. पुण्यातलं केळकर संग्रहालय घ्या. वाड्यातली अरुंद दालनं, अरुंद जिने. पाच हजार माणसं एका रात्रीत त्या जिन्यावरून नेणं म्हणजे दगडूशेठच्या रांगेचं व्यवस्थापन. वस्तूंसाठी यायला लोक तयार आहेत, जिना तयार नाही.

कोपऱ्यावरचा_पुणेकर

आमचे मानाचे गणपती पहाटेपर्यंत उघडे असतात, फुकट. रांगेचा अनुभव दोनशे देशांना शिकवू. फक्त कोट जमा करून घेत नाही.

आळशी_अस्वल

धागा लक्ष्मी रोडवर पोचला. कुणीतरी ताईंना वॉर्सात परत न्या.

विस्तुलाकाठी

आणते. ताई, मुलगा ११ वर्षांचा म्हणता तर मोठं ठिकाण म्हणून उठाव संग्रहालय घ्या, राजवाडा नको. मेट्रोच्या दुसऱ्या मार्गावर रोंदो दाशिन्स्किएगो, तिथून पाच-सात मिनिटं चालत. ट्रामच्या जुन्या वीजघरात आहे, १९४४च्या उठावाच्या साठाव्या वर्धापनाला, ३१ जुलै २००४ला उघडलं. आत लिबरेटर विमानाची खऱ्या मापाची प्रतिकृती छताला टांगलीय. सैनिक ज्या गटारांतून पळत त्यांची प्रतिकृतीही आहे, वाकून चालावं लागतं, घाण नाही.

आणि हे त्याला आधी सांगू नका, बघू दे : भिंतींवर ठिकठिकाणी फाडायच्या तारखांची पानं लावलेली आहेत, उठावाच्या ६३ दिवसांची, दर दिवसाचं एक पान. मुलं ती गोळा करत सुटतात. पहिल्या दिवसापासून क्रमाने गेलं तर दालनाचा क्रमही आपोआप लागतो, कारण वाट कालक्रमानेच आखलीय. फक्त आवाज बराच असतो. मधल्या पोलादी भिंतीतून हृदयाचे ठोके ऐकू येतात, कान लावला की आणखी. आजींना त्याचा त्रास होईल असं वाटलं तर त्या भिंतीपासून लांब बसवा.

शंकासुर

मी राष्ट्रीय संग्रहालयाच्या बाजूने. मातेइकोचं ग्रुनवाल्डच्या लढाईचं चित्र, १८७८चं, ४.२६ बाय ९.८७ मीटर. त्यापुढे बाक असतो, सासूबाई निवांत बसतील. गर्दी तिथे तुंबली की तळमजल्यावरच्या फारासच्या दालनात उतरा. सुदानमधल्या कॅथेड्रलची भित्तिचित्रं. आस्वान धरणाच्या पाण्याखाली जाणार होती, ती १९६१ ते ६४ मध्ये पोलिश पथकाने भिंतीवरून सोडवून आणली. तिथे गर्दी कमी, कारण ती फारशी माहीत नाहीत.

विस्तुलाकाठी

फारासला माझंही +१. पण बाक त्या रात्री रिकामा मिळेल ही आशा ठेवू नका.

पाऊलवाट

सगळं वाचून सुधारलेलं वेळापत्रक :

५.४५ उठाव संग्रहालयाची रांग (सहाला उघडलं तर), आत दीड-दोन तास
८.३० मेट्रोने मध्यवस्तीत, झापियेकांका, दशम्या
९.१५ काकडी बस, जिथे नेईल तिथे थोडं
१०.०० मुलगा आणि नवरा : फिल्टर, यादीत असले आणि गणित जमलं तर
१०.०० मी आणि सासूबाई : जुनं शहर, राजवाडा फक्त बाहेरून, घड्याळ
११.३० चौघं कोल्हापूरचा फलक
१२.१५ मेट्रो

राजवाडा आणि पोलिन पुढच्या खेपेला, आठवड्याच्या वारी. सासूबाईंना राजवाड्याच्या चौकापर्यंत चढ आहे का?

काकडीबस

चढ टाळता येतो. चौकाच्या पोटातून बोगदा जातो, त्याच्या तोंडाशी ट्राम-बसचा थांबा 'स्तारे म्यास्तो'. तिथूनच सरकता जिना चौकाच्या पातळीवर नेतो, १९४९ साली सुरू झालेला, नंतर नवा केलेला. बंद असेल तर लिफ्टही आहे. दहाला ट्राम चालू असतात, मध्यरात्रीच्या आत परतायचं एवढंच. चौकातून फलकापर्यंत वीसेक मिनिटं चाल आहे, तीही आजींच्या हिशेबाने जास्तच धरा. तिथून मेट्रो रातुश आर्सेनाव जवळ.

नळदुरुस्ती

फिल्टरचं दहाला नको. गटाची रांग असणार, आणि ती लवकर तोडतात. नवरा-मुलाला साडेआठलाच तिकडे पाठवा, काकडी नंतर. मधल्या वेळेत तुम्ही दोघी खायला बसा.

पाऊलवाट

केला बदल. एक शेवटचं, जरा संकोचानेच : स्वच्छतागृहाच्या दारावर नुसता त्रिकोण आणि गोल दिसतात, ते काय?

थंडगार

गोल बायकांचं, त्रिकोण पुरुषांचं. गुंता झाला तर गोल म्हणजे बांगडी असं लक्षात ठेवा. काही ठिकाणी पैसे पडतात, म्हणजे परत नाणी.

पाऊलवाट

दोन आणि पाच झ्लॉटींची नाणी आजपासून डब्यात टाकते.

आळशी_अस्वल

एकची पण ठेवा. त्या नाममात्र तिकिटांना.